आठव्या वर्षाची सीमारेषा

मुलींच्या शरीरात वयात येण्याची चिन्हे पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागली आहेत, हे पालकांचे म्हणणे निव्वळ भास म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु किती लवकर, नेमके काय लवकर आणि कोणत्या मुलीच्या बाबतीत ते काळजीचे, या तीन निरनिराळ्या प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे बेंगळुरूसारख्या शहरात या विषयाभोवती साचलेली भीती बव्हंशी भलतीकडेच वळली आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलीला अंघोळ घालताना आईच्या हाताला छातीच्या एका बाजूला दुखरी गाठ लागते आणि त्या दिवसापासून घरातल्या दुधाच्या पिशवीवर संशय घेतला जातो, चिकन बंद होते, मोबाइल काढून घेतला जातो, ‘उंची खुंटेल’ असे कोणीतरी सांगते आणि मुलीला मात्र कोणीच काही सांगत नाही. या क्रमात शेवटी येणारी गोष्टच सर्वांत गंभीर आहे, आणि लवकर वयात येण्यामुळे मुलीच्या वाट्याला येणारा त्रास जितका तिच्या संप्रेरकांतून उद्भवतो त्याहून अधिक तो भोवतालच्या मोठ्या माणसांच्या वागण्यातून उद्भवतो, असे उपलब्ध पुराव्यांवरून म्हणावे लागते.

वयात येण्याची सुरुवात छातीत होत नाही, मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून एक संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप पोचवणारे द्रव्य, थोड्या थोड्या वेळाने झटक्यांनी स्रवू लागते. त्यामुळे शेजारची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, तिच्या संप्रेरकांमुळे बीजकोश कामाला लागतात, आणि बीजकोशांतून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे स्तनांची वाढ सुरू होते, उंचीला वेग येतो व दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. ही यंत्रणा तान्हेपणी काही महिने चालू असते, मग मेंदू तिला आवर घालतो आणि पुढे तो आवर सैल झाला की मूल वयात येऊ लागते. तो केव्हा सैल करायचा हे ठरवताना मेंदू ज्या खुणा पाहतो त्यांत शरीरातील चरबीचा साठा ही एक महत्त्वाची खूण असून, चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन ती वर्दी मेंदूपर्यंत नेते. काखेत किंवा जांघेत केस येणे, घामाला मोठ्या माणसासारखा वास येणे ही चिन्हे पुष्कळदा मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या वेगळ्या हालचालींमुळे दिसतात. त्यांचा बीजकोशांशी संबंध असेलच असे नाही, हे ठाऊक नसल्याने अनेक घरांत विनाकारण झोप उडते.

आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली तर ती अकाली मानावी, असा वैद्यकातील संकेत आहे. मुलग्यांसाठी ही सीमा नऊ वर्षांची आहे. हा आकडा आला कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंडमधील हार्पेंडन येथील एका बालकाश्रमातल्या १९२ मुलींच्या वाढीची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेऊन मार्शल आणि टॅनर यांनी १९६९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्तनवाढीच्या प्रारंभाचे सरासरी वय ११ वर्षांहून किंचित अधिक आणि पहिल्या पाळीचे साडेतेरा वर्षांच्या आसपास आढळले. तेथपासून पुष्कळ खाली उतरल्यावर जी कड लागते ती आठची. युद्धोत्तर इंग्लंडमधील निराधार मुलींवरून बेतलेले माप जगभरच्या मुलींना लावले गेले, यात संशोधकांचा दोष नाही. त्यांनी आपल्या मर्यादा सांगितल्या होत्या, त्या पुढच्यांनी वाचल्या नाहीत. १९९७ साली अमेरिकेत १७ हजारांहून अधिक मुलींची पाहणी झाली तेव्हा गोऱ्या मुलींत ही सुरुवात दहाच्या सुमारास आणि कृष्णवर्णीय मुलींत नऊच्याही आत होत असल्याचे दिसले. बहुसंख्य मुलींना केवळ नजरेने तपासले असल्याने स्थूल मुलींच्या छातीवरील चरबी आणि स्तनग्रंथी यांत गल्लत झाली असावी, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण नंतर हाताने चाचपून केलेल्या अभ्यासांनीही दिशा तीच दाखवली. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० साली काढलेला निष्कर्ष असा की १९७७ ते २०१३ या काळात स्तनवाढीच्या प्रारंभाचे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी खाली आले.

येथे एक भेद करावा लागतो, जो पालकांच्या चर्चेत जवळजवळ कधीच होत नाही. कोपनहेगनमधील मुलींच्या १९९१ आणि २००६ च्या पाहण्यांची तुलना केली असता स्तनवाढ १०.८८ वर्षांवरून ९.८६ वर्षांवर, म्हणजे तब्बल एक वर्ष अलीकडे आलेली दिसली. पहिली पाळी मात्र १३.४२ वरून १३.१३ वर, जेमतेम साडेतीन महिन्यांनी सरकली. याचा अर्थ बाल्य आणि पाळी यांच्यामधला पट्टा रुंदावतो आहे. मुलगी लवकर सुरुवात करते, पण त्याच प्रमाणात लवकर शेवट गाठत नाही. भारतातही पाळीचे वय कोसळल्याचे चित्र नाही. देशव्यापी कुटुंब-सर्वेक्षणाच्या आधारे झालेल्या अभ्यासात १९५५ ते १९६४ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांचे पहिल्या पाळीचे सरासरी वय १३.८३ तर १९८५ ते १९८९ मधील स्त्रियांचे १३.६२ निघाले, शहरी सुखवस्तू घरांत ते साडेबाराच्या आसपास आहे. तेव्हा आठव्या वर्षी गाठ लागली म्हणजे सहा महिन्यांत पाळी येणार, हे आईचे गणित बहुतेक मुलींच्या बाबतीत चुकते. ते बरोबर ठरणाऱ्या मुली असतात, पण थोड्या. आणि त्या थोड्या हुडकून काढणे हेच वैद्याचे काम आहे.

दोषी कोण, या प्रश्नाला मात्र शहराने आपली उत्तरे ठरवून टाकली आहेत. पहिला आरोपी दूध. गायी-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी काही गवळी ऑक्सिटोसिनची इंजेक्शने देतात, हे खरे आहे आणि जनावरांच्या दृष्टीने ते क्रूर आहे. या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली देशांतर्गत वापराच्या ऑक्सिटोसिनचे उत्पादन बेंगळुरूच्याच कर्नाटक अँटिबायॉटिक्स अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड या सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचा हुकूम काढला होता, जो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. परंतु ऑक्सिटोसिन हे लैंगिक संप्रेरक नव्हे. ते नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे, तिचे तुकडे पोटात आणि आतड्यात होतात आणि बीजकोशांना जागे करण्याशी तिचा संबंध नाही. दुसरा आरोपी ब्रॉयलर कोंबडी. ती सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होते ती अनेक पिढ्यांच्या निवड-पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येकाला संप्रेरकाची सुई टोचत बसणे कोणत्याही कुक्कुटपालकाला परवडणारे नाही. कोंबड्यांना दिली जाणारी प्रतिजैविके हा खरा आणि गंभीर प्रश्न आहे, पण तो वेगळा आहे. तिसरा आरोपी मोबाइलचा निळा प्रकाश. त्याचा आधार म्हणजे तुर्कस्तानातील संशोधकांनी २०२२ साली मांडलेला १८ मादी उंदरांवरील प्रयोग. उंदरांवरील प्रयोगाला त्याचे स्थान असते, पण त्यावरून मथळे रचणाऱ्यांनी निदान उंदरांची संख्या तरी सांगायला हवी होती.

म्हणून रसायनांचा धोका काल्पनिक आहे असे नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९७३ साली आग रोखणारे एक ब्रोमीनयुक्त रसायन चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले, दूध-मांसातून ते लक्षावधी लोकांच्या शरीरात उतरले, आणि ज्या मातांच्या रक्तात त्याचे प्रमाण अधिक होते त्यांच्या, गर्भात व अंगावरच्या दुधातून ते मिळालेल्या मुलींना इतरांपेक्षा जवळजवळ वर्षभर आधी पाळी आल्याचे पुढे आढळले. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट द्रव्ये आणि काही बाटल्यांतील बिस्फेनॉल-ए यांच्यावरही असाच संशय आहे, जरी त्यांचे पुरावे एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. मिशिगनचे प्रकरण एवढे शिकवते की जेव्हा खरोखर विषबाधा घडते तेव्हा तिचा माग काढता येतो. ‘सगळ्यातच काहीतरी असते’ या सर्वसाधारण संशयातून मात्र काहीच निष्पन्न होत नाही, फक्त मुलीच्या ताटातले अंडे आणि पेल्यातले दूध जाते, आणि तिच्या वाढीला तर त्यांची गरज असते.

भारतीय मुलींपुरता सर्वांत विचार करायला लावणारा पुरावा स्वीडनमधून आलेला आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. भारतातून दत्तक गेलेल्या आणि तेथे वाढलेल्या मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. या मुलींना पहिली पाळी साधारण ११.६ व्या वर्षी, म्हणजे स्वीडिश मुलींच्याही आधी आणि भारतातील सुखवस्तू घरांतल्या मुलींच्याही आधी आली, आणि त्यांतील एकीला तर ती ७.३ व्या वर्षीच आली. मुली येथल्याच, आनुवंशिकता येथलीच. बदलले होते ते एवढेच की जन्माच्या वेळी आणि तान्हेपणी उपासमार सोसलेले शरीर अचानक मुबलक अन्नाच्या घरात गेले आणि मागे राहिलेली वाढ झपाट्याने भरून काढू लागले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेले संशोधन याच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे: भारतीय बाळ वजनाने लहान दिसते, पण त्याच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचा वाटा जन्मतःच अधिक असतो. कृश आईच्या पोटी जन्मलेले लहानखुरे बाळ, ‘खात नाही’ म्हणून पहिल्या दोन वर्षांत भरवून भरवून गुटगुटीत केलेले, पुढे शाळेची बस, शिकवणी आणि लिफ्ट यांच्यामध्ये वाढलेले: सोलापूर, कलबुर्गी किंवा बीदरकडून बेंगळुरूला आलेल्या कुटुंबांनी एका पिढीत हेच स्थित्यंतर केले आहे. जे अंतर स्वीडनला गेलेल्या मुलींनी विमानाने काटले, ते या कुटुंबांनी पगाराने काटले, असे अनुमान करणे वावगे ठरू नये. टाळेबंदीच्या काळात पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील तज्ज्ञांनी अकाली वयात आलेल्या मुलींची नोंद ठेवली तेव्हा त्यांचे प्रमाण पूर्वीच्या तिपटीहून अधिक भरले आणि इटलीतूनही तशाच नोंदी आल्या. या वाढीतला काही भाग मुले दिवसभर डोळ्यांसमोर असल्याने पालकांच्या अधिक लक्षात आले म्हणून असेल. पण बंद मैदाने, वाढलेली वजने आणि बिघडलेली झोप यांना वगळून तिचा अर्थ लागत नाही.

दवाखान्यात काय घडते, तेही नीट समजून घ्यायला हवे. डॉक्टर मुलीची उंची मागच्या नोंदींशी ताडून पाहतात, गाठ चरबीची की ग्रंथीची हे चाचपतात आणि डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतात. त्या चित्रात मनगटाची छोटी हाडे आणि बोटांच्या हाडांच्या टोकांशी काळ्या रेषांसारख्या दिसणाऱ्या वाढीच्या चकत्या दिसतात. या चकत्या उघड्या आहेत तोवर उंची वाढते आणि इस्ट्रोजेन त्या लवकर मिटवते. अंगठ्याच्या मुळाशी तिळाएवढे एक हाड साधारण अकराच्या सुमारास उमटते; ते आठ वर्षांच्या मुलीच्या हातात दिसले तर हाडांचे वय पुढे धावत असल्याची खूण पटते. मग रक्तातील संप्रेरके, गर्भाशयाची सोनोग्राफी, आणि मुलगी सहा वर्षांहून लहान असेल किंवा डोकेदुखी, दृष्टिदोष असेल तर मेंदूचा एमआरआय. मुलींमध्ये दहांपैकी नऊ वेळा मेंदूत काहीही विकार सापडत नाही. मुलग्यांत मात्र विकार सापडण्याची शक्यता बरीच अधिक, म्हणून मुलगा लवकर वयात आला तर त्याचे कौतुक करत बसणे धोक्याचे असते. दोन-तीन वर्षांच्या मुलींत दिसणारी छातीची गाठ पुष्कळदा आपोआप विरते. सहा महिने थांबून पुन्हा मोजमाप घेणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. पालकांना तो सर्वांत जड जातो.

ज्यांना औषध लागते त्यांना दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन दिले जाते. त्यामागचे तत्त्व चमत्कारिक वाटेल असे आहे: जे संप्रेरक झटक्याझटक्याने मिळाले की पिट्युटरी जागी होते, तेच अखंड मिळत राहिले की ती प्रतिसाद देणेच थांबवते. औषध बंद केल्यावर यंत्रणा पुन्हा सुरू होते. सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींची अंतिम उंची त्यामुळे निश्चित वाचते. सहा ते आठच्या दरम्यान लाभ मुलीगणिक बदलतो. आठनंतर सुरुवात झालेल्या मुलींच्या उंचीत त्याने लक्षणीय भर पडत नाही. तरीही नऊ वर्षांच्या मुलीसाठी ‘दोन इंच वाढतील का’ म्हणून इंजेक्शनाचा आग्रह धरला जातो. दक्षिण कोरियात उंचीच्या हव्यासापायी अशा उपचारांची संख्या कशी फुगली हे सर्वश्रुत आहे, आणि बेंगळुरूच्या सुखवस्तू वस्त्यांनी त्या वाटेने जाण्याचे कारण नाही. येथे औषध मुलीच्या शरीरावर नव्हे, पालकांच्या अस्वस्थतेवर दिले जाते.

ही अस्वस्थता जुनी आहे. मुलगी वयात केव्हा येते हा प्रश्न या देशात वैद्यकाच्या आधी कायद्याचा आणि धर्मशास्त्राचा होता. १८७१ साली केशवचंद्र सेन यांनी देशातील नामांकित डॉक्टरांना मुलींच्या विवाहयोग्य वयाविषयी विचारले, त्यांत मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. बहुतेकांची उत्तरे किमान १४ ते १६ अशी होती, आणि उष्ण हवेमुळे मुली लवकर पिकतात या समजुतीला त्यांतील काहींनी थारा दिला नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १० वरून १२ वर नेली तेव्हा महाराष्ट्रात जे रण माजले, त्यात विरोधकांचा एक मुख्य मुद्दा असा होता की बाराच्या आत न्हाण आले तर गर्भाधानाचा संस्कार ठरल्या वेळी करता येणार नाही, रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधारानेच त्याचा प्रतिवाद केला. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, त्याची कारणे राजकीय होती हे मान्य करूनही, ज्या मुलींच्या शरीरावर हा वाद चालला होता त्यांचा आवाज त्यात नव्हता एवढे म्हणणे भाग आहे. बेंगळुरू ज्या म्हैसूर संस्थानात होते त्याने १८९४ साली आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहाला बंदी घातली. तेव्हाही सीमारेषा आठचीच होती, आणि तिच्यापलीकडे गेलेली मुलगी समाजाच्या लेखी मोठी झालेली होती.

कायदे बदलले, ही नजर पुरती बदललेली नाही. मुलीचे अंग भरू लागताच तिचे पोहणे थांबते, सोसायटीच्या आवारात मुलांबरोबर क्रिकेट खेळणे थांबते, कपडे बदलतात, पाहुणे ‘मोठी झाली हो’ म्हणतात आणि बाबा तिला जवळ घेणे बंद करतात. आठ वर्षांच्या मुलीला या सगळ्याचा अर्थ एवढाच लागतो की आपल्या हातून काहीतरी चुकले आहे. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालू आहे, त्यातून १९९३ साली एक मार्मिक गोष्ट पुढे आली: लवकर पाळी आलेल्या मुलींत बेशिस्त वर्तन वाढलेले दिसले ते मुलगे-मुली एकत्र असलेल्या शाळांत, केवळ मुलींच्या शाळांत तसा फरक दिसला नाही. संप्रेरके दोन्हीकडे तीच होती. यावरून मुलींना वेगळे काढावे असा अर्थ कोणी घेतला तर तो उलटा होईल; शरीराच्या बदलाचा परिणाम भोवतीच्या परिस्थितीतून ठरतो, आणि परिस्थिती बदलता येते, हा तिचा अर्थ आहे.

पालक यावर सुरक्षिततेचा मुद्दा मांडतील, आणि तो क्षुल्लक नाही. पण जुलै २०१४ मध्ये बेंगळुरूतील एका शाळेत ज्या मुलीवर अत्याचार झाला आणि ज्यासाठी हजारो पालक रस्त्यावर आले, ती सहा वर्षांची होती. अत्याचार करणारा मुलगी वयात आली की नाही हे पाहत नाही. म्हणून गाठ दिसल्या दिवसापासून मुलीवर पहारा बसवणे हे संरक्षण नव्हे, तो तिलाच दिलेला दंड आहे. शाळेच्या बसमध्ये कोण आहे, शिकवणीच्या खोलीला काचेचे दार आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न पाचव्या वर्षीही तितकेच लागू असतात.

शाळेकडून अपेक्षा ठेवावी तर तेथे सगळे उशिराच्या वेळापत्रकाने चालते. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात वयात येण्यावरचा धडा वर्षानुवर्षे आठवीत होता, नव्या पुस्तकात तो सातवीत आला आहे. म्हणजे मुलगी तो वाचते तेव्हा वर्गातल्या अनेकींना पाळी येऊन गेलेली असते. प्राथमिक विभागाच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबाही सहसा नसतो, कारण तेथे त्याची गरज पडेल असे बांधकाम करणाऱ्याला वाटलेले नसते. २०१४ पासून चालू असलेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयासाठी आहे. कर्नाटक सरकारची सॅनिटरी पॅड पुरवणारी ‘शुची’ योजना १० ते १८ वर्षांच्या मुलींसाठी आहे. खासगी डॉक्टर परवडणाऱ्या घरातली नऊ वर्षांची मुलगी कशीतरी निभावून नेईल, पण सरकारी शाळेच्या चौथीतल्या मुलीला पाळी आली तर तिच्यासाठी कोणत्याही योजनेत रकाना नाही. या दोन्ही योजनांतील दहाची अट काढून टाकावी, तिसरीच्या वर्गात मुलगे-मुली सर्वांना शरीरातील बदलांची माहिती द्यावी, आणि प्राथमिक शाळेच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा ठेवावा. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी आणखी संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.